बापूकाकांचा सुरुबनातला डबा

आमचे शेजारी बापूकाका कुणाचाही डबा रिकामा परत करत नाहीत. तसं रत्नागिरीत कुणीच करत नाही म्हणा. पण बापूकाका हा नियम समुद्रावरच्या डब्यालाही लावतात.

हा डबा त्यांच्या मुलाचा. मन्या अमेरिकेत असतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आला आणि भाट्याच्या सुरुबनात एक प्लॅस्टिकचा डबा लपवून गेला. आत वही आणि पेन्सिल. जगभर लोक असे डबे लपवतात म्हणे. जागेचे आकडे इंटरनेटवर टाकतात, मग दुसरे लोक हातात जागा दाखवणारं यंत्र घेऊन शोधत हिंडतात. सापडला की वहीत नाव लिहायचं, एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची. याला जिओकॅशिंग म्हणतात. आमच्याकडे याला उद्योग नसणं म्हणतात.

जाताना मन्याने यंत्र वडलांच्या हातात दिलं. "बाबा, डब्याकडे लक्ष ठेवा. पुढच्या मेमध्ये येऊन वही बघतो."

तो मे गेला. पुढचाही संपत आला. बापूकाका दर रविवारी जातात.

गेल्या रविवारी मलाही नेलं. "चल रे मास्तर, पाय मोकळे होतील." भाट्याच्या पुलावर थांबले. बंदर कचेरीत आयुष्य गेलेलं, इथे थांबायचेच. "ते बघ मांडवी बंदर. आगबोट मेली धक्क्याला कधी लागली नाही. लांब उभी राहायची, माणसं होडीतून यायची. कोण आलंय ते आधी मला दिसायचं."

किनाऱ्यावर यंत्राने आम्हाला थेट एका काटेरी जाळीत नेलं. "उपग्रहाला काय कळतंय, कपाळ!" त्यांनी यंत्र खिशात टाकलं आणि होड्या हाकणाऱ्या खारव्यांसारख्या खुणा धरल्या. दीपगृह वाकड्या सुरूच्या रेषेत येईपर्यंत मागे मागे सरकले, आणि वळून वाकले. डबा पायाशी.

"मग यंत्र आणता कशाला?"

"मन्याने दिलंय. वापरायला नको?"

डब्यात मुंग्यांनी भरलेली आंबापोळी होती. ती झटकून त्यांनी पिशवीतून ताजी काढली.

"काका, यात खायचं ठेवत नाहीत. मन्याने फोनवर सांगितलं होतं ना?"

"मग रिकामा ठेवू? शोभतं का ते?" असं म्हणून त्यांनी वहीत काहीतरी खरडलं, वही माझ्याकडे दिली आणि हात धुवायला पाण्याकडे गेले.

नाव लिहायचं म्हणून मी वही चाळली. दुसरं कुणी आलंच नव्हतं. पानामागून पान एकच अक्षर: 'डबा ठीक. बापू.' 'डबा ठीक. बापू.' मला त्या मन्याचा असा राग आला की समोर असता तर कान उपटला असता. आजची ओळ तेवढी वेगळी होती: 'डबा ठीक. आंबापोळी ठेवली आहे. मुंग्या लागायच्या आत ये. बाबा.'

"लिहिलंस का नाव?" पाण्यातून त्यांनी ओरडून विचारलं.

"लिहिलं," मी म्हटलं. त्या पानावर लिहायला माझा हात धजला नव्हता.