रामटेके काकांची अमेरिकन टीम

रविवारी सकाळी शेजारचे रामटेके काका दाढी न करता अंगणात बसलेले दिसले, की समजायचं, अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची फुटबॉल टीम हरली आहे. अशा दिवशी बोरगाव मेघेतली आमची अख्खी गल्ली त्यांच्याशी हळू आवाजात बोलते.

काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मुलगी त्या विद्यापीठाच्या गावात राहते, दरवर्षी बोलावते. काका जात नाहीत. विमानाबद्दल त्यांची एकच तक्रार आहे : "ड्रायव्हर दिसत नाई न त्याच्यात."

टीमचा इतिहास मात्र तोंडपाठ. चामड्याच्या टोप्या घालून खेळायचे तो काळ, लाकडी गॅलरी, सगळे सामने हरलो तो सीझन. सगळं 'आपण' म्हणून. "तवा आपल्यापाशी पास देणारा पोट्टाच नव्हता!"

एका लग्नात त्यांनी माझ्या ताटात वांग्याच्या फोडी मांडून बचावफळी समजावली. मी म्हटलं, "काका, फुटबॉल म्हणता अन् हातात घेऊन पळता?"

"हातात घ्या नाई तं डोक्यावर घ्या. चार डावात दहा यार्ड पुढं गेलं पाह्यजे, बस." मग हल्ला दाखवायला त्यांनी माझी जिलबी उचलली. ती परत आली नाही.

यंदा मे महिन्यात एका रविवारी त्यांचा बिघडलेला कूलर बघायला गेलो, तर नातवाशी व्हिडिओ कॉल चालू होता. नीलला मराठी येत नाही. काकांचं इंग्रजी 'नो स्टँडिंग'पाशी संपतं.

"फोर्थ डाउन!" काका ओरडले. म्हणजे चौथा, शेवटचा डाव.

"गो फॉर इट, आजोबा!" पलीकडून नील खिदळला.

काकू मला हळूच म्हणाल्या, "आधी दोघं नुसते एकमेकाईले पाहत बसत. हाऊ आर यू, फाइन, झालं. पोरगं उठून जाये. मंग यायनं हा खेळ शिकला."

तेवढ्यात नील आईच्या कानात काहीतरी बोलला. मुलगी म्हणाली, "बाबा, त्यानं फुटबॉल सोडलं. आता आइस हॉकी."

"व्हेरी गुड," काका हसून म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र कूलरच्या जाळीकडे पाहत बसले.

"मग आता आपली टीम?" मी विचारलं.

"टीम कुठं जाते? थे तिथंच राहीन. पोरगं मोठं होऊन राह्यलं."

थोड्या वेळानं त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"बर्फावर खेळतात म्हणे. पुढच्या रविवारी त्याचा फोन येईन. तुले काही माहीत हाये काय?"