राजेळीसाठी कार्बन कर

कार्बन कर मला जेवढा समजतो, तेवढा अख्ख्या वसईत कोणाला समजत नसेल. उभा जन्म अर्थशास्त्र शिकवलंय मी! निवृत्त झाल्यावर मी तो घरातच लागू केला. पैसे नकोत. जो इंधन जाळेल, त्याने विहिरीतून पाणी ओढून परसातल्या राजेळी केळींना घालायचं. विहिरीवरची मोटार मी स्वतःच बंद केली.

ह्या केळी बाबांनी लावलेल्या. त्यांची सुकेळी मांडवावर वाळायची आणि आम्ही पोरं कावळे हाकायच्या नावाखाली निम्मी फस्त करायचो. बाबांना सगळं कळायचं, पण ते कधी बोलले नाहीत. पुढे बाबा गेले, वाडीच्या जागी इमारत आली, उरलं हे एवढंच बेट. तेही वाळलं असतं तर मला सोसलं नसतं.

सुरुवातीला कर जोरात जमला. मुलगा जेन्सन बाईक नेई आणि आल्यावर निमूटपणे पोहरे ओढी. हेलनने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, मात्र भार सरळ गिऱ्हाईकावर ढकलला.

"चहा हवाय? मग गॅसचे पोहरे तुम्ही ओढा."

"अगं, कर बनवणाऱ्यावर असतो."

"मग बनवत नाही."

मी ओढले. पुस्तकात असंच लिहिलंय, म्हणून थोडा खूशही झालो. केळी तरारल्या.

पण पुस्तकात पुढचंही प्रकरण असतं. काळ गेला की माणसं सवयी बदलतात. जेन्सनने सायकल घेतली. हेलनने गच्चीवर सूर्यचूल मांडली. भात, डाळ, बांगड्याचं कालवण, सगळं उन्हात! चहाऐवजी ताक आलं. धूर बंद, कर बंद. भर मे महिन्यात विहिरीकडे कोणी फिरकेना आणि केळींनी माना टाकल्या. मी गुपचूप मोटार लावून पाहिली, तर ती बंद राहून जाम झालेली.

शेवटी मी बाईकची किल्ली जेन्सनच्या हातात कोंबली.

"बेटा, आज बाईकने जा ना."

"पप्पा, आणि कार्बन?"

"असू दे रे थोडा. चिंचोटीपर्यंत जा. येताना तुळिंजवरून वळसा घालून ये."

"आणि माझा गॅस?" हेलनने गच्चीवरून विचारलं.

"लाव बाई, तोही लाव. मोठा लाव."

ती हसत खाली उतरली. चहा झक्क झाला. पोहरे अर्थात मीच ओढले.