तिसरा आग्रह

यंदा लॉ कॉलेज आपल्याला घेणार म्हणजे घेणारच, असं कर्स्टन ओडेगार्डनं नोव्हेंबरात जाहीर करून टाकलं! जाहीर केलं म्हणजे स्वयंपाकघरात, आईसमोर, भांडी पुसता पुसता आणि जरा हळूच. पण आमच्या पश्चिम मिनेसोटात एवढंसुद्धा बढाई मारण्यात जमा होतं. इथे माणूस हातभर लांब मासा धरून आणतो आणि "बरा मिळाला" म्हणून विषय बदलतो.

"असं का," अर्डिसबाई, म्हणजे तिच्या आई, म्हणाल्या.

आधीची दोन वर्षं कर्स्टनला नकार आला होता. प्रवेश परीक्षेत दरवेळी दोन-तीन मार्कांनी घोडं अडायचं. सात वर्षं ती गावातल्या हॅल्वरसन वकिलांच्या ऑफिसात कारकुनी करत होती आणि निम्म्या गावाची मृत्युपत्रं तिच्या हाताखालून गेली होती. हॅल्वरसन आता निवृत्त होणार होते. कर्स्टन वकील झाली तर ऑफिस तिचं, नाहीतर तिथे नखं रंगवायचं दुकान येणार, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. त्या ऑफिसवर तिचा फार जीव होता.

म्हणून यंदा तिनं अर्ली डिसिजनचा मार्ग धरला. सगळ्यांच्या आधी, एकाच कॉलेजात अर्ज करायचा आणि सही करून द्यायची की तुम्ही घेतलंत तर मी दुसरीकडे ढुंकून बघणार नाही. कॉलेजलाही हमखास येणारी मुलं हवी असतात, त्यामुळे मार्क थोडे कमी असले तरी चालून जातं.

"म्हणजे तू आधीच सांगायचंस, मला हवंय म्हणून?" अर्डिसबाईंनी विचारलं.

"हो."

"त्यांनी विचारायच्या आत?"

"हो, आई."

"वेगळंच आहे," अर्डिसबाई म्हणाल्या. आमच्याकडे याहून कडक शिवी नाही.

अर्जासोबत 'मला का घ्यावं' असा निबंध होता. कर्स्टननं दोन पानं लिहिली. अर्डिसबाई पेन्सिल घेऊन बसल्या आणि जिथे जिथे फुशारकी दिसली तिथे तिथे रेघ मारत गेल्या. शेवटी उरलं ते एवढंच की मला वाचनाची सवय आहे आणि मी वेळेवर येते. हॅल्वरसनांनी शिफारसपत्रात लिहिलं, 'कर्स्टनबद्दल काही तक्रार नाही.' हे लिहिताना त्यांचे डोळे भरून आले होते म्हणे.

आणि एवढं असूनही डिसेंबरातल्या एका बुधवारी ऑफिसात फोन आला. पलीकडे कॉलेजच्या ॲडमिशन प्रमुख कपुआनो मॅडम होत्या. त्या ऑगस्टमध्येच न्यू जर्सीहून इकडे आल्या होत्या. तिकडचे लोक मनात असेल ते बोलतात.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "आम्ही तुम्हाला जागा देतोय."

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. कोणी कॉफी विचारली की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारली की "उगाच कशाला त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की "बरं, अर्धा कप." पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा एकतर उपाशी असतो, नाहीतर परगावचा. कर्स्टन तीस वर्षं या पाण्यावर वाढलेली. तिनं काही ठरवायच्या आत तोंडानं आपलं काम केलं.

"अहो नको, कशाला," ती म्हणाली. "कोणी जास्त गरजू असेल त्यांना द्या."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "तुम्ही अर्ली डिसिजनवर सही केलीय."

"हो, पण तुम्हाला उगाच त्रास."

"म्हणजे तुम्हाला जागा नकोय?"

"माझ्यासाठी मुद्दाम काही करू नका."

"ठीक आहे," मॅडमचा आवाज थंड झाला. "शुक्रवारी पाच वाजता मी यादी बंद करते. तोपर्यंत तुमचा होकार आला नाही तर जागा गेली. आणि सही करून मागे फिरणाऱ्यांना आम्ही पुन्हा अर्ज करू देत नाही." फोन बंद झाला.

संध्याकाळी मायलेकी हिशेबाला बसल्या.

"एकदा, जागा देतोय म्हणाल्या," कर्स्टन म्हणाली. "मग, नकोय का म्हणाल्या. ते धरायचं?"

"अर्धं धर. आवाजात आग्रह होता का?"

"नव्हता."

"मग अर्धंच. थांब, करतील पुन्हा फोन."

गुरुवारी दिवसभर कर्स्टन फोनला चिकटून बसली. एकदाच वाजला. रविवारी खुर्च्या मांडायला येशील का, असं चर्चमधून विचारत होते. तिनं लगेच हो म्हटलं. काम सांगितलं की आमच्याकडे पहिल्याच वेळी हो म्हणतात. नको असतं ते फक्त घेताना.

"मीच करू का फोन?" तिनं विचारलं.

"आपण होऊन? मग लोकांची दारं ठोठावून कॉफीच माग ना."

शुक्रवारी सकाळी मात्र कर्स्टनला राहवेना. "आई, मला हवंय गं ते," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मुलगी चार वर्षांची झाल्यापासून तिच्या तोंडून 'हवंय' हा शब्द अर्डिसबाईंनी ऐकला नव्हता. त्या उठल्या आणि त्यांनी ओव्हन लावला.

"मला तसंही शहरात जायचंच होतं," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"वड्या द्यायला."

शहर एकशे ऐंशी मैलांवर. त्यातले साठ मैल बर्फ ढकलणाऱ्या गाडीच्या मागून काढावे लागले. मॅडमच्या खोलीत पोहोचल्या तेव्हा साडेचार झाले होते.

"सहज इकडून चाललो होतो," अर्डिसबाईंनी टेबलावर ट्रे ठेवला. "खजुराच्या वड्या. घ्या ना."

"नको, थँक्यू," कपुआनो मॅडम म्हणाल्या.

"एक तरी."

"खरंच नको."

"ही बघा, अगदी छोटी आहे."

"मी गोड खात नाही हो!"

अर्डिसबाईंनी शांतपणे दोन मोठ्या वड्या कागदी रुमालावर काढून त्यांच्यापुढे सरकवल्या.

"अहो, मी तीनदा नको म्हणाले."

"हो ना. म्हटलंच, तुम्हाला आवडत असणार."

मॅडमनी वड्यांकडे पाहिलं, मग कर्स्टनकडे. "एक मिनिट. तुमच्याकडे नको म्हणजे काय?"

"पहिलं नको म्हणजे नमस्कार," अर्डिसबाई म्हणाल्या. "दुसरं म्हणजे आभार. तिसऱ्याला वाढून मोकळं व्हायचं."

मॅडमनी खणातून एक कागद काढला. चेहरा पांढराफटक. "या आठवड्यात एकोणीस जणांना जागा दिल्या. चौदा जण नको म्हणाले. एकानं सांगितलं, माझ्या खुर्चीवर दुसऱ्याला बसवा, मी मागे उभा राहीन. मी तर वर कळवून टाकलंय की या राज्यात कोणाला वकील व्हायचंच नाही." त्यांनी घड्याळ बघितलं. पावणेपाच. "तुमच्यापासूनच सुरुवात करते. कर्स्टन, जागा हवी?"

कर्स्टनच्या तोंडात 'उगाच कशाला' तयारच होतं. तिनं ते गिळलं. आजवर एवढं कठीण काही तिनं गिळलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "हवी. मला हवी आहे."

अर्डिसबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. पोरीनं चारचौघांत कपडे उतरवले असते तरी त्यांना याहून अवघडल्यासारखं झालं नसतं.

कर्स्टननं सही केली. मॅडमनी लगेच पुढचा नंबर फिरवला. "जागा हवी? जागा हवी? जागा हवी?" त्यांनी एका दमात विचारलं. पलीकडच्यानं एका दमात तीनदा नको म्हटलं.

"अहो, मध्ये जरा हवापाण्याचं बोलावं लागतं," अर्डिसबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन आपल्याकडे ओढला. मॅडमनी वेळ सहापर्यंत वाढवली. तोवर तेराच्या तेरा पोरांनी "बरं, एवढं म्हणताय तर" म्हटलं होतं आणि मॅडमनी चार वड्या संपवल्या होत्या.

परतीच्या वाटेवर अर्डिसबाई चाळीस मैल गप्प होत्या.

"जरा पटकनच हो म्हणालीस," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो."

आणखी दहा मैल गेले. अर्डिसबाईंनी गियरवरच्या तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि सलग दोन मैल तो तसाच राहू दिला.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पण गावात कोणाला कळता कामा नये. विचारलं तर सांगू, त्यांनी फारच आग्रह केला."