उरलेले एकोणीस

डिसेंबरात सकाळी आठला राजूरच्या शाळेवरच्या तापमान फलकाचं उद्घाटन झालं, तेव्हा लाल आकड्यांत अकरा अंश उमटले होते. दहा वाजता त्रेचाळीस झाले.

फलक स्टीफन सरांनी घरी बनवलेला. सौर बॅटरी चोवीस व्होल्टची, फलकाला हवे पाच. मध्ये व्होल्ट उतरवायला रेग्युलेटर लागतो. सरांनी आठवडाभर वाचून चाळीस व्होल्ट सोसणारा, 'लो-ड्रॉपआऊट' जातीचा, म्हणजे त्यांच्या समजुतीनं कमी गळतीचा, निवडला. "यात वाया काहीच जात नाही. विकतचा फलक कशाला?" असं त्यांनी भर ग्रामसभेत छातीठोक सांगितलं होतं. माकडांनी उपटू नये म्हणून तापमान मोजणारा भागही त्यांनी रेग्युलेटरशेजारीच, पत्र्याच्या बंद डब्यात बसवला.

गावाचा फलकावर पुरता विश्वास. सरपंच जालिंदर यांनी आधी कानटोपी काढली, मग स्वेटर.

"तरीच म्हनलं, आज लई उकडतंय," ते शिंकत म्हणाले. "सर, चाळीसच्या वर गेलं की सकाळची शाळा, असा ठराव हाय आपला. उद्यापास्नं सातला भरवा."

"डिसेंबरात?" सरांना घाम फुटला. गावातला तेवढा एकच घाम खरा होता. बावीस वर्षांची अब्रू त्या डब्यात होती.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या विमलबाईंनी शिडी धरली. सरांनी डबा उघडून रेग्युलेटरला हात लावला आणि बोट तोंडात घातलं.

"बिघडला व्हय?"

"नाही हो. चोवीस घेतो, बरोबर पाच देतो."

"मग उरल्याले एकोनीस जात्यात कुठं?"

सर शिडीवरच थबकले. ऊर्जा नष्ट होत नाही, हे त्यांनी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं होतं. आज ती बोटाला चावली होती. हरभऱ्याएवढा तो काळा तुकडा उरलेल्या एकोणीस व्होल्टची उष्णता करून मुकाट सोसत होता, आणि शेजारचा भाग तीच मोजत होता.

"विमलबाई, हा प्रश्न मला पडायला हवा होता," ते म्हणाले, आणि शिडीवरूनच त्यांनी हात जोडले.

संध्याकाळी सरांनी थंड राहणारा स्विचिंग रेग्युलेटर बसवला आणि मोजणारा भाग बाहेर जाळीत टांगला. सकाळी सातला गावासमोर चूक कबूल करायला ते खाली मान घालून उभे राहिले. फलकावर नऊ अंश होते.

नुसत्या सदऱ्यावर आलेल्या जालिंदरांनी वर पाहिलं, आणि तिथंच त्यांना हुडहुडी भरली.

"सर," ते दात वाजवत म्हणाले, "कालचाच बसवा. त्यात ऊब हुती."