वारा कुटं चाललाय

बबनभाऊंच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी दोन अगरबत्त्या असतात. देवधर्माशी त्यांचा काही संबंध नाही. वासाने तर भाऊंना शिंका येतात. त्यांना हवा असतो धूर. कुठे पंखा फिरताना दिसला की ते अगरबत्ती पेटवतात, पंख्यासमोर धरतात, एक डोळा मिटून धूर कुठे जातो ते बघतात आणि निकाल देतात. बँकेत दिलाय, दवाखान्यात दिलाय. पुतणीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत कूलरपाशी जाऊन दिलाय. "मांडवात वारा न्हाई. निस्ता आवाज हाय."

भाऊ टाकवे बुद्रुकचे. तिथल्या गुलाबांच्या पॉलिहाउसमध्ये भिंतीएवढे पंखे सांभाळण्यात त्यांची बावीस वर्षं गेली. "गुलाब बोलत न्हाई ताई, मान टाकतो," असं ते एखाद्या जुन्या साहेबाबद्दल बोलावं तसं बोलतात. पॉलिहाउस बंद पडलं आणि भाऊंच्या हातचे पंखे गेले. दर गुरुवारी ते लोकलने घोरावाडीला येतात, अंथरुणाला खिळलेल्या बायकोची औषधं न्यायला. स्टेशनजवळ माझं दुकान आहे, आणि माझ्या नशिबाने दुकानात पंखेच पंखे आहेत.

मी कॉम्प्युटर जोडून विकते. हल्ली गिऱ्हाइकाला काचेचा डबा लागतो आणि आत रंगीत दिव्यांचे पंखे, निळे, गुलाबी, घडीघडी रंग बदलणारे. पंख्याचं काम डबा गार ठेवायचं, पण लोक भुलतात दिव्यांना. हे मला वेळेवर कळलं म्हणून मी हातगाडीवरच्या मोबाइल कव्हरांपासून इथवर आले. भाऊंना ते कधीच पटलं नाही. "दिवाळी ऱ्हाऊ द्या ताई. वारा कुटं चाललाय ते सांगा."

आता माझं दुखणं सांगते. लोणावळ्याच्या एका शेठना रिसॉर्टातल्या खेळायच्या खोलीसाठी सहा कॉम्प्युटर हवे होते. तीन दिवस घासाघीस करून मी त्यांना वाकवत आणलं होतं. नमुन्याच्या डब्यात सात पंखे बसवले. या पंख्याला तोंड असतं आणि पाठ असते. तोंड देखणं, पाठीवर नुसत्या प्लास्टिकच्या काड्या. तोंडाने तो हवा ओढतो, पाठीने फेकतो. मी सातही तोंडं डब्याच्या आत वळवली, काचेतून झकास दिसावीत म्हणून. शेठ हो म्हणायच्या बेतात होते. तेवढ्यात भाऊ आले आणि काडी ओढली.

धूर चहूबाजूंनी डब्यापासून लांब पळाला.

"शेठ, समदे पंखे हवा भाईर फेकत्यात. आत कोन घेतंय?"

"म्हणजे मशीन तापणार?"

"तापंल कशाला? बेशुद्ध पडंल."

शेठ पुण्याच्या दुकानात गेले. मी भाऊंना म्हणाले, "पुन्हा या पायरीवर दिसलात तर ही अगरबत्ती तुमच्याच फोटोपुढे लावीन."

"लावा," भाऊ म्हणाले. "धूर कुटं जातो तेवढं बगा."

त्यानंतर चार गुरुवार भाऊ आले नाहीत. मीही बोलावलं नाही. मी काय म्हणून बोलावू? पाचव्या आठवड्यात शेठचा फोन आला. पुण्याहून घेतलेली मशिनं खेळता खेळता बंद पडत होती. "ते अगरबत्तीवाले काका आणा. वरच्या हॉलची सहा मशिनं तुमच्याकडून घेतो."

सहा मशिनं म्हटल्यावर मी राग गिळला आणि स्कूटर काढून टाकव्याला गेले.

भाऊंनी ओटीवर बसवलं नाही, थेट आत नेलं. खिडकीला लागून कॉट, कॉटवर भाऊंची बायको, मावशी. खिडकीत लाकडी पट्टीवर तीन पंखे फिरत होते. एकाचं पातं तुटकं, एकाचा अर्धा दिवा गेलेला. मीच नाकारून दुकानातल्या टोपलीत टाकलेले, भाऊंनी उचलून आणलेले. तिन्हींची तोंडं मावशींकडे होती. म्हणजे खोलीतली हवा ओढून ते घरामागच्या परड्यात फेकत होते. मी भाऊंकडे बघितलं. भाऊ चहा टाकायला निघून गेले.

मावशींनी मला खुणेनं जवळ बोलावलं. "ताई, उलटं बसवल्यात व्हय?"

मी दाराकडे बघितलं.

"पंख्याची झुळूक येत न्हाई बगा. पर ह्यांनी लय हौसेनं बसवल्यात. आता पंख्यात चुकलं म्हनून कसं सांगू त्यास्नी? मी म्हन्ते, गार वाटतंय."

चहा झाल्यावर भाऊ मला पोचवायला स्कूटरपर्यंत आले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "ठाव हाय मला. सरळ बसवलं तर तिला निस्त्या काड्या दिसत्याल. तिला रंग बगाया लय आवडतं. वारा मी उशामागनं पुठ्ठ्यानं घालतो की. तिला वाटतंय पंख्याचा हाय. तुमी बोलू नगा."

दुसऱ्या दिवशी शेजारणीला मावशींपाशी बसवून भाऊ लोणावळ्याला आले. पुण्याच्या मशिनांतले निम्मे पंखे उलटे करून बसवले. शेठ कुरकुरले, "पाठी दिसताहेत हो काका."

"दिसू द्या. काम करणाऱ्याची पाठच दिसती."

मशिनं चालली. मला ऑर्डर मिळाली. पहिली सहा गेली ती गेलीच, हे मात्र मी विसरलेले नाही आणि भाऊंनाही विसरू देत नाही. ते पुन्हा दर गुरुवारी येतात.

गेल्या महिन्यात माझ्याकडे उलट्या पात्यांचे पंखे आले. दिसायला अगदी तसेच, दिवेही तेच, पण वारा तोंडानेच फेकतात. भाऊंनी अगरबत्ती धरली. धूर सरळ त्यांच्या नाकात गेला. दोन शिंका दिल्या आणि पंखा हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला.

मी तीन पंखे खोक्यात घालून पुढे सरकवले. "घेऊन जा. भाव विचारू नका, नाहीतर सांगेन."

भाऊंनी खोकं उघडलं, आत बघितलं, झाकलं आणि माझ्याकडे परत सरकवलं.

"नगं ताई. ह्याचा वारा लागला की तिला कळंल, आदीच्याचा लागत नव्हता."

एरवी पायरी उतरलेल्या गिऱ्हाइकालाही मी बोलून बोलून परत आणते. त्या दिवशी मी खोकं उचललं आणि मागच्या फळीवर ठेवून दिलं.