रिकामी ओळ

साहेबांची अट सरळ होती. सुनेने दोन वर्षं घासून तयार केलेला प्रोग्राम एखाद्या साध्या माणसाने तिच्या मदतीशिवाय चालवायचा आणि अर्ध्या तासात एक तरी उत्तर मिळवायचं. नाहीतर प्रकल्प बंद. साधा माणूस म्हणून तिने सासऱ्यांना आणलं, तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

प्रोग्राम तसा गुणी होता. रोजच्या बोलीत सूचना लिहायची आणि शेवटी एक ओळ रिकामी सोडायची. मग तो सगळं यंत्राच्या भाषेत उतरवून तिथल्या तिथे काम करून दाखवी. ओळ रिकामी सुटेपर्यंत मात्र तीन टिंबं दाखवत वाट बघत बसे.

सासरे नोंदणी कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क. पडद्यावर वरच लिहिलं होतं, 'सूचना संपली की एक ओळ रिकामी सोडा.' ते वाचून सासरे गालात हसले.

"रिकामी सोडा म्हणे! म्हणजे उद्या कोणीही त्यात काहीही घुसडायला मोकळा. पस्तीस वर्षांत एक ओळ सोडली नाही मी."

"बाबा, अहो..."

"तुम्ही बोलायचं नाही," साहेबांनी तिला बजावलं. "आजोबा, एक ते दहाची बेरीज विचारा."

सासऱ्यांनी टंकलं, 'एक ते दहा आकड्यांची बेरीज करावी.' तीन टिंबं आली.

"पुढे काय, विचारतोय! चांगल्या वळणाचा दिसतोय." त्यांनी लिहिलं, 'विनाविलंब करावी.' पुन्हा टिंबं. 'कारण मागील खेपेस विलंब झाला होता.' टिंबं.

सून मोठ्याने खोकली.

"पाणी पी," सासरे मान न वळवता म्हणाले.

विसाव्या ओळीला बेरीज मागे पडली आणि हुकलेली बढती आली. चाळिसाव्या ओळीला गुडघा आला. "घरी दुसऱ्या वाक्याला सगळे उठून जातात," सासरे पुटपुटले. सुनेला नोकरीची काळजी होतीच, त्यात आता लाजही वाटली.

वेळ संपली. सासऱ्यांनी 'येणेप्रमाणे' लिहून पडद्याच्या तळापर्यंत आडव्या रेघा मारल्या. "आता घुसडा म्हणावं!"

"उत्तर?" साहेबांनी विचारलं.

"नाही आलं," सून कशीबशी म्हणाली.

"उत्तराचं काय घेऊन बसलात?" सासऱ्यांचा चेहरा फुलला होता. "उद्या परत येऊ ना? बदलीचं प्रकरण राहिलंय."

साहेब उठले. मग हळूच खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.

"अर्धा तास, आणि तुमच्या प्रोग्रामने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही! प्रकल्प मंजूर," ते सुनेला म्हणाले. "फक्त ते उत्तर देणं तेवढं काढून टाका. आणि आजोबा, जरा सरका. मलाही थोडं लिहायचंय."