ट्रंककॉलवाली काकू

आमच्या शेजारची प्रमिलाकाकू फोन उचलते, पण बोलत नाही. हॅलो नाही, कोण म्हणून विचारणं नाही. फोन कानाला लावून नुसती बसते. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करून घसा कोरडा करतो, लाईन कटली का म्हणून फोन दूर धरून पाहतो, पुन्हा हॅलो करतो. त्याचा जीव पुरता मेटाकुटीला आला की ही सरकारी आवाजात म्हणते, "कोन हाय ते मले समजलं. पन तुमी सांगा." आता समजलं तर सांगायचं कशाला? पण हे तिला विचारायची सोय नाही. विचारणाऱ्याचाच तिला संशय येतो.

बोरगाव मेघ्यात तिच्या आणि आमच्या अंगणात एक कमरेएवढी भिंत आहे, तेवढंच काय ते अंतर. मी केळझरच्या शाळेत शिकवते म्हणून ती मला मास्तरीन म्हणते. माझा आवाज शाळेत कमावलेला आहे. घरचे म्हणतात, तुला फोन कशाला पाहिजे, नुसती खिडकी उघडलीस तरी वर्ध्यात ऐकू जाईल. घरचे काहीही म्हणतात.

काकू कारंजाला टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. हल्लीच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं. पूर्वी फोन उचलला की थेट माणूस लागायचा नाही, आधी ऑपरेटर लागायची. तिला नंबर सांगायचा. ती समोरच्या बोर्डावरची दोरी उचलून दुसऱ्या भोकात खुपसायची, मग कुठे पलीकडे घंटी वाजायची. गावाबाहेर बोलायचं तर ट्रंककॉल. तो बुक करायचा आणि देव पाण्यात ठेवून बसायचं. लागला की तीन मिनिटं मिळायची, पुढची ऑपरेटर वाढवून द्यायची. तालुक्यातली लग्नं, मयती, कापसाचे भाव, सगळं आधी काकूच्या कानातून जायचं आणि मग ज्याचं त्याला मिळायचं.

तिचं म्हणणं असं की माणूस ओळखायला तिला आवाजाचीही गरज नव्हती, खोकला पुरायचा. एका व्यापाऱ्यानं नुसतं खाकरलं की ही नागपूरची लाईन तयार ठेवायची. एकदा कोणीतरी मोठा साहेब असल्याची बतावणी करून आपला कॉल सगळ्यांच्या आधी लावून मागितला. काकूनं त्याला थंडपणे सांगितलं, "तुमी साहेब नाई. साहेब आधी सुस्कारा टाकते, मंग बोलते." आणि दोरी उपटली. ही गोष्ट तिनं मला इतक्यांदा सांगितली आहे की त्या तोतयाची मला आता दया येते.

पुढे फिरवायचे फोन आले, बटणांचे आले, बोर्ड निघाला. काकूला बिलाच्या खिडकीवर बसवलं. तिथं माणूस समोरच उभा, त्यात ओळखायचं काय? रिटायर होईपर्यंत ती त्या खिडकीत कुरकुरत बसली. सवय मात्र गेली नाही. फाटकाशी कोणी दोन बायका बोलत उभ्या राहिल्या की हिचा आवाज यायचा, "तीन मिनटं झाले. वाढवू का?" नवीन भाडेकरू बिचारे घाबरून घरात पळायचे.

आता तर खिशाखिशात फोन आला आणि काकूच्या संशयाला चारा मिळाला. बँकेतून रेकॉर्ड केलेल्या बाईचा आवाज आला की ती म्हणायची, ही बाई श्वासच घेत नाही, हिच्यावर कसा भरोसा करायचा? फोन लावण्याआधी फसवणुकीपासून सावध राहा अशी सूचना वाजते, तर तिला त्या सूचनेचाच संशय. चोराशिवाय एवढी काळजी कोणाला, असं तिचं म्हणणं. फोनमध्ये तिनं एकही नाव साठवलेलं नाही, कारण नावं ठेवली की चोराला आयतंच सापडतं. व्हिडिओ कॉल तर नकोच. "ओठ आधी हालते, आवाज मागून येते," ती म्हणाली. "सारं बनवलेलं."

घरी आलेल्या माणसाचीही सुटका नव्हती. नळवाला असो, गॅसवाला असो, की मी असो, आधी उजेडात उभं राहायचं. तोंड पाहिल्याबिगर मी कोनावर भरोसा नाई करत, म्हणायची. आम्ही आपले ओळीनं उन्हात उभे.

त्यातच भजनी मंडळातल्या कोणीतरी तिला सांगितलं की आता कॉम्प्युटर कोणाचाही आवाज काढतो आणि आयांना त्यांच्या पोरांच्या आवाजात फोन येतात. झालं. काकूला पाहिजे तेच मिळालं. दुसऱ्याच दिवसापासून तिनं वर्षाला चोर ठरवलं.

वर्षा म्हणजे काकूची एकुलती एक पोरगी. पुण्याला नोकरी करते. काका गेल्यापासून रोज संध्याकाळी आईला फोन करते. एवढीशी पोरगी आणि एवढासा आवाज, पाखरासारखा. तिचा फोन आला की काकू विचारायची, "वर्षा असशील तं सांग, कारंजाच्या क्वार्टरमांगं कोनतं झाड होतं?" वर्षा म्हणायची, चिंच. तोवर इकडे फोन बंद. दुसऱ्या दिवशी, तुझ्या बापाचं पान कसलं असायचं? फोन बंद. मी भिंतीपलीकडून ऐकायची आणि हसायची. काही दिवस वर्षाही हसली. मग तिचं हसणं थांबलं.

एका रविवारी तिनं मलाच फोन केला. म्हणाली, "ताई, मी उत्तर बरोबर देते तरी ती फोन कापते. मी रोज रडत बसते. मला वाटतं आईचं डोकं काम देईनासं झालंय. ती मला ओळखत नाही." पुढच्या रविवारी ती येणार होती आणि आईला पुण्याला घेऊन जाणार होती, कायमची. घराला कुलूप. आईला अजून सांगायचं नव्हतं. तोवर तुम्ही जरा लक्ष ठेवा, म्हणाली.

लक्ष ठेवा म्हणजे काय, पाळत ठेवा. मी ठेवली. संशय हा सर्दीसारखा असतो, शेजारच्याला आधी होतो. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, काकू, आज वार कोणता हो? तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "वर्षानं विचाराले सांगतलं न?" मग वार सांगितला, तिथी सांगितली, मी परवा कोणत्या साडीत शाळेत गेले ते सांगितलं, आणि तिची पुरणयंत्राची जाळी होळीपासून माझ्या घरी पडली आहे, ती कधी परत देतेस, हेही विचारलं. डोकं माझ्यापेक्षा टकाटक. मी तोंड पाडून घरी आले आणि जाळी शोधली.

मग मात्र माझ्या मनात भलतंच यायला लागलं. डोकं ठीक आहे, पोरगी खरी आहे हे हिला समजतं, तरी ही फोन कापते. म्हणजे हिला पोरगीच नको झाली आहे. तिकडे ती लेकरू रडून राह्यलं आणि ही इथं साहेबी करते आहे. मला अस्सा राग आला! म्हटलं, आता हिला रंगेहाथ पकडायचं.

शनिवारी सकाळची शाळा करून आले. काकू अंगणात पाठमोरी बसून ताटात गहू निवडत होती, फोन बाजूला. मी भिंतीशी उभी राहिले आणि तिला फोन लावला. तिचा फोन बँड लावल्यासारखा वाजतो. तिनं उचलला, कानाला लावला, आणि नेहमीप्रमाणे गप्प. मी माझ्या अख्ख्या शाळेच्या आवाजात म्हटलं, "काकू, मी मास्तरीन. तुमच्या मागंच उभी आहे. वळून पाहा." समोरच्या घरचा कुत्रा उठून बसला.

काकू वळली नाही. तिची मान ताठ झाली. "पुन्हा वर्षाचा आवाज काढून राह्यली का वं चोट्टे?" ती फोनमध्ये म्हणाली. "तिच्यासारखा बारीक आवाज काढनं सोपं नसते." आणि फोन कापला.

माझ्या आवाजाला जन्मात कोणी बारीक म्हटलेलं नव्हतं. मला आधी हसूच फुटलं. ते अर्ध्यावरच अडकलं. हिनं फोनमधलं ऐकलं नव्हतं, आणि भिंतीवरून आलेलंही ऐकलं नव्हतं. हिला धड काहीच ऐकू येत नव्हतं.

मी फाटकातून फिरून तिच्या समोर गेले. तिनं माझं तोंड पाहिलं, माझ्या हातातला फोन पाहिला, आपल्या फोनकडे पाहिलं. काकू काही खुळी नाही. तिनं ताट बाजूला सरकवलं आणि पदरानं तोंड पुसलं.

मी तिच्यासमोर बसले आणि कधीपासून म्हणून विचारलं. मागच्या उन्हाळ्यापासून, ती म्हणाली. आधी चिमण्या गेल्या, मग देवघरातली घंटी. आवाज येतो, पण समजत नाही. सगळे आवाज एकाच माणसाचे वाटतात, तोंडात घास घेऊन बोलल्यासारखे. समोर ओठ दिसले तर जुळवता येतं. म्हणून आम्हा सगळ्यांना उन्हात उभं करत होती बाई, आणि आम्ही तिला वेडी समजत होतो.

मी म्हटलं, मग पोरीला सांगत का नाही? तिला वाटतं तुमचं डोकं गेलं.

"वाटू दे," काकू म्हणाली. "डोकं तं सगळ्याइचं जाते. मी कानावर जगली, मास्तरीन. बोर्ड नेला तवा म्हटलं, नेऊ दे, कान तं माहाच हाय. आता तोई गेला. तू तिले डोकं गेलं म्हनून सांग. कान गेला म्हनून नको सांगजो."

मला तिचा राग आला, आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आलं की मी फटकन बोलते. मी तिला सांगून टाकलं की वर्षा उद्या येऊन राह्यली, तुम्हाला कायमचं न्यायला. आणि चोर म्हटलं म्हणून नाही येत ती. तिला वाटतं, माझी आई मला ओळखतच नाही आता. रोज रडते.

हे काकूला माहीत नव्हतं. पोरगी चिडली असेल, एवढंच तिला वाटलेलं. कोणाच्याही आवाजातलं पाणी ओळखणारी बाई, आणि पोरीचं रडणं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ती गव्हाच्या ताटाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "लाव तिले. तू बोल."

मी म्हटलं, काय बोलू?

मग तिनं मला समजावलं. पाऊसपाण्यात लाईन खराब असली की दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचं ऐकू यायचं नाही, पण मधात बसलेल्या ऑपरेटरला दोघांचंही यायचं. मग तीच इकडचं ऐकून तिकडे सांगायची आणि तिकडचं इकडे. "जसंच्या तसं सांगाचं," ती म्हणाली. "आपल्या मनचं काही घालाचं नाई. आन लाजाचं नाई. बाप मेला असन तं बाप मेला म्हनूनच सांगाचं."

मी तिच्यासमोर, उजेडात बसले आणि वर्षाला फोन लावला. सांगितलं की मी तुझ्या आईजवळ आहे, आता जे बोलेन ते तिचं असेल. वर्षा घाबरून म्हणाली, काय झालं? मी ते काकूला सांगितलं. काकू माझ्या ओठांवर नजर लावून बसली होती.

"सांग तिले, डोकं शाबूत हाय. उद्या ये. मले न्याले नको येऊ. कानाच्या डॉक्टरकडे जाऊ."

मी सांगितलं. मग वर्षा म्हणाली, "तिला विचारा, बाकी सगळ्यांशी थोडं तरी बोलते, मग माझाच फोन का कापायची?"

मी जसंच्या तसं विचारलं.

गव्हातला एक खडा काकूनं उचलला आणि दूर टाकला. "सांग तिले," ती म्हणाली, "बाकीच्याइचे आवाज अर्धेमुर्धे येते अजून. सगळ्यात आधी तिचाच गेला. बारीक हाय न तिचा. तिचा फोन आला का मले कोनतरी परकंच बोलल्यावानी वाटे. मले भेव वाटे."

मी ते वर्षाला सांगितलं. कसं सांगितलं ते माझं मलाच माहीत, पण मनचं काही घातलं नाही.

पलीकडून शब्द आला नाही. काकू माझ्या तोंडाकडे पाहत होती. "काय म्हनते?"

"काही नाही म्हणत," मी म्हटलं. "रडून राह्यली."

काकूनं हात पुढे केला. "मंग दे इकडे. रडन्यात काय समजाचं असते?"

तिनं फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला. "रड बाई," ती म्हणाली. "मी लाईनवर हाय."